माशाच्या पाण्याची ऊब

पौष महिन्यातील पहाटे शेतावरील खोल विहिरीतून बादली वर ओढली, की पाण्यावर वाफेचा एक विरळ पदर तरंगताना दिसतो, आणि त्या पाण्यात हात घातला तर ते कोमट लागते. वैशाखातील भर दुपारी त्याच विहिरीचे पाणी काढले, तर ते गार लागते व प्यायल्याने जीव निवतो. यावरून पुष्कळांचा असा समज होतो, की विहिरीचे पाणी थंडीत ऊन होते आणि उन्हाळ्यात गार होते. वस्तुतः दोन्ही वेळी ते जवळजवळ सारखेच असते. ज्याला खरे-खोटे करावयाचे असेल, त्याने नुकत्याच काढलेल्या बादलीत तापमापक बुडवून पाहावा. आपल्या भागातील खोल विहिरींच्या पाण्याचे उष्णतामान बाराही महिने पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. कारण वरच्या हवेतील थंडी व ऊन जमिनीच्या जाड थरातून खाली फारसे पोहोचत नाही. बदलतो तो आपला हात. थंडीने गारठलेल्या हाताला जे पाणी ऊन वाटते, तेच तापलेल्या हाताला गार वाटते.

पाळीव माशाची निगा राखणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. कारण आज अनेक घरांतून जो रंगीत व डौलदार मासा पाळलेला दिसतो, त्याला नेमके याच उष्णतामानाचे पाणी लागते; आणि ते तसे आहे की नाही, हे हाताने कधीही नीट कळत नाही.

दुकानदार या माशाला ‘फायटर’ म्हणतात. आपण त्याला लढाऊ मासा म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स असे आहे. यातील ‘बेटा’ शब्दाचा आपल्या लाडाच्या ‘बेटा’शी काही संबंध नाही, हे खरे, परंतु ज्या घरात तो असतो तेथे त्याचे लाड मुलासारखेच होतात, हेही खोटे नाही. त्याचा मूळ देश थायलंड, म्हणजे पूर्वीचा सयाम. तेथे दोन नरांच्या झुंजी लावण्याची जुनी चाल होती व तिच्यावरूनच त्याला हे नाव पडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेले थिओडोर कँटर नावाचे एक डॅनिश डॉक्टर होते. त्यांनी १८४९ मध्ये या माशाविषयी लिहिले. पुढे १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. रानटी स्थितीत त्याचे पर आखूड व रंग मळकट असतो. लांब, झुबकेदार पर आणि लाल-निळे रंग ही माणसाने निवडून निवडून केलेल्या पैदाशीची करामत आहे.

माणसाने त्याचे रूप पालटले, परंतु प्रकृती पालटली नाही. थायलंडमधील भातखाचरे, दलदली व संथ ओहोळ हे त्याचे माहेर. ते विषुववृत्ताला आपल्यापेक्षा बरेच जवळ आहे. तेथे थंडीचे दिवस म्हणजे आपल्या दृष्टीने थंडीच नव्हे. अशा पाण्यात हजारो वर्षे वाढलेल्या या माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअस उष्णतामानाचे पाणी मानवते.

आता पाणी गार झाले तर माशाचे बिघडते कोठे, असा प्रश्न सहज मनात येईल. थंडी पडली की आपण घोंगडी पांघरतो, मग माशाने थोडे सोसावे! परंतु आपली आणि माशाची गोष्ट मुळातच निराळी आहे. मनुष्याच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश असते. बाहेर हिवाळा असो की उन्हाळा, त्यात फारसा फरक पडत नाही. खाल्लेल्या अन्नाचा एक मोठा भाग शरीर ही ऊब राखण्यासाठी खर्च करीत असते. चिमणीचे अंग तर आपल्याहूनही उष्ण असते. मासा, बेडूक, सरडा, साप या प्राण्यांजवळ अशी घरची शेगडी नाही. भोवतालची हवा किंवा पाणी जितके उष्ण, तितकेच त्यांचे शरीर उष्ण. लढाऊ माशाचे पाणी १६ अंशांवर उतरले, तर त्याचे रक्त, त्याचे पोट, त्याचे काळीजही १६ अंशांवर उतरते. घोंगडी पांघरून त्याचा काही उपयोग व्हावयाचा नाही. कारण घोंगडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब फक्त राखते.

शरीरातील सर्व व्यवहार एका ठराविक उबेत नीट चालतात. ती कमी झाली, की ते मंदावतात. उष्णतामान दहा अंशांनी घटले, तर अशा प्राण्यांच्या शरीरातील पुष्कळशा क्रियांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. मासा मग तळाशी जाऊन बसतो. त्याचे पसरलेले पर अंगाशी मिटतात. रंग फिका पडतो. खाणे टाकले तरी तो वर येत नाही, आणि आला तरी खाल्लेले अन्न त्याला पचत नाही. घरची मुले बिचारी कळवळून आणखी खाणे टाकतात. ते तळाशी साचते, कुजते व पाणी नासते. या नासक्या पाण्यात अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. निरोगी टाकीत काही उपकारक जंतू त्याचे रूपांतर करून टाकतात. परंतु तेही थंडीत सुस्तावलेले असतात. शिवाय रोगाशी झगडण्याची माशाची शक्ती याच वेळी कमी झालेली असते. अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठविणारा एक रोग अशा वेळी हटकून डोके वर काढतो. मासा मेला म्हणजे घरातील माणसे म्हणतात, “नाजूकच जात ती, जगली नाही.” प्रत्यक्षात तो पुष्कळदा निव्वळ गारठ्याचा बळी असतो.

मरण असे हळूहळू येते, म्हणूनच त्याचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि त्यात भर पडते ती एका जुन्या गैरसमजाची. हा मासा पेलाभर पाण्यातही आनंदाने राहतो, असे दुकानांतून सांगितले जाते. तो भातशेतीतील बैलाच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यातही राहतो, अशी त्याला पुष्टीही दिली जाते. या म्हणण्याला थोडासा आधार आहे. बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात. लढाऊ माशाजवळ कल्ल्यांखेरीज आणखी एक साधन आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, अनेक घड्यांचे एक श्वसनेंद्रिय असते. तो मधूनमधून पृष्ठभागाशी येतो, तोंडात हवेचा घोट घेतो आणि त्या इंद्रियाच्या साहाय्याने हवेतील प्राणवायू शोषतो. आपल्याकडील नद्यांत व तलावांत सापडणारा मरळ मासाही असाच हवेचे घोट घेतो. म्हणून मासळीबाजारातील पाटीत तो बराच वेळ वळवळत राहतो. अशा रीतीने थोड्या व शिळ्या पाण्यातही लढाऊ मासा गुदमरत नाही, हे खरे आहे. परंतु गुदमरणे निराळे आणि गारठणे निराळे. थायलंडमधील डबके उथळ असले, तरी ते उबदार असते. आपल्या खिडकीतील बरणी तशी नसते.

बुलढाणा जिल्ह्यात तर हा भेद विशेष जाणवतो. या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही गावे पूर्णेच्या सपाट खोऱ्यात आहेत. त्यांना लोक घाटाखालची गावे म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही घाटावरची. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. मलकापूरहून निघालेली एस. टी. राजूर घाट चढू लागली, की खिडकीतून येणारी हवा बदलल्याचे ज्याला त्याला कळते. पौष-माघातील पहाटे घाटावर उष्णतामान पुष्कळदा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, आणि थंडीची लाट आली म्हणजे त्याहूनही खाली जाते. दुपारी मात्र चांगले ऊन पडते व हवा २८-२९ अंशांपर्यंत तापते. म्हणजे एकाच दिवसात पंधरा अंशांचा हेलकावा! मनुष्य सकाळी शाल घेतो, दुपारी काढून ठेवतो. माशाला तशी सोय नाही. नदीतील मासा थंडीत खोल डोहात उतरतो, जेथे पाणी फारसे बदलत नाही. सरडा दगडावर ऊन खात बसतो. काचेच्या बरणीतील मासा कोठे जाणार? त्याला जो डोह मिळावयाचा, तो आपणच दिला पाहिजे.

पेलाभर पाणी लवकर निवते आणि हंडाभर पाणी बराच वेळ ऊन राहते, हे न्हाणीघरातील अनुभवावरून सर्वांना ठाऊक आहे. असे का होते, ते थोडे गणित करून पाहू. उष्णता पाण्याच्या बाहेरच्या अंगाने निसटते. एक घनाकृती भांडे घ्या. त्याची प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर आहे. त्यात एक लिटर पाणी मावते आणि त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते. आता बाजू ३० सेंटिमीटर करा. पाणी झाले २७ लिटर, परंतु क्षेत्रफळ झाले केवळ ५,४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे लहान भांड्यात एका लिटरच्या वाट्याला उष्णता निसटून जाण्यास ६०० चौरस सेंटिमीटर एवढी वाट मोकळी आहे. मोठ्यात ती अवघी २०० आहे. बाकी सर्व सारखे असेल, तर मोठ्या भांड्यातील पाणी एक अंश उतरण्यास तिप्पट वेळ घेईल. रात्र संपून ऊन पडेपर्यंत लहान बरणी खोलीइतकी गार होऊन बसते. मोठी टाकी त्या मानाने थोडीच खाली सरकलेली असते. बरणी उन्हात ठेवली, तर हाच न्याय उलट लागू पडतो. ती पाहता पाहता तापते आणि सूर्य मावळला की पाहता पाहता निवते. थंडीत माशाची बरणी गच्चीवर किंवा खिडकीत उन्हाला ठेवण्याची जी चाल आहे, ती म्हणून चांगली नाही. तिने माशाला ऊब मिळण्याऐवजी हेलकावे मिळतात. एका माशासाठी निदान वीस लिटरांची टाकी असावी. दोन नर मात्र एका टाकीत कधी ठेवू नयेत. ते एकमेकांना फाडून टाकतात.

टाकी मोठी घेतली, तरी तिला झाकण नसेल तर अर्धे काम वाया जाते. याचे कारण आपल्या घरच्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते व बाहेरच्या बाजूने त्याची वाफ होऊन उडून जाते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याला ती सुमारे ५८० कॅलरी लागते. ही उष्णता माठ आतल्या पाण्यातूनच पुरवितो, म्हणून ते पाणी गार होते. उघड्या टाकीच्या पृष्ठभागावरूनही नेमके असेच चालू असते. वीस लिटरांच्या टाकीतून एका रात्रीत १०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पेल्याइतके पाणी उडून गेले असे धरा. त्याबरोबर ५८ किलोकॅलरी उष्णता गेली. ती सर्व टाकीतील पाण्यातूनच गेली असेल, तर ते पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. अर्धा पेला पाणी कमी झालेले डोळ्यांना दिसतही नाही. परंतु माशाला ते तीन अंश जाणवतात.

झाकण काचेचे असावे व ते पाण्याला चिकटून नसावे. त्याच्याखाली तीन-चार बोटे मोकळी हवा राहिली पाहिजे आणि हवा येण्या-जाण्यास एका कोपऱ्यात फट असली पाहिजे. याचा आणखी एक लाभ आहे. लढाऊ मासा हवेचा घोट घेतो, हे आपण पाहिलेच. झाकणाखालची हवा उबदार व दमट राहते, त्यामुळे पाणी उबदार आणि घोट मात्र बर्फासारखा, असा प्रसंग त्याच्यावर येत नाही.

झाकण आणि मोठी टाकी ऊब राखतील; परंतु घाटावरच्या थंडीत ती पुरी पडत नाही. कोठून तरी उष्णता पुरविली पाहिजे. त्यासाठी माशांच्या टाकीत बुडवून ठेवण्याचा विजेचा हीटर मिळतो. काचेच्या बंद नळीत तापणारी तार असते, आणि तिच्याबरोबर थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णतेचा नियामक असतो. पाणी ठरविलेल्या उष्णतामानापर्यंत तापले, की तो वीज तोडतो. पाणी उतरले, की पुन्हा जोडतो. घरातील इस्त्रीतही असाच नियामक असतो. दिवा आपोआप लागतो व विझतो, ते त्याचेच काम.

हीटर किती शक्तीचा घ्यावा, याचा हिशेब करण्यासारखा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. आपली टाकी वीस लिटरांची आहे. पाणी १८ अंशांवरून २६ अंशांवर न्यावयाचे, म्हणजे आठ अंश. तेव्हा १६० किलोकॅलरी हव्यात. पन्नास वॉटचा हीटर एका तासात सुमारे ४३ किलोकॅलरी देतो. म्हणजे उष्णता मुळीच वाया गेली नाही, तरी पावणेचार तास लागतील. प्रत्यक्षात ती वाया जाते, म्हणून वेळ अधिक लागेल. हा विलंब पाहून पुष्कळांना वाटते, की मोठा हीटर घ्यावा म्हणजे झटपट काम होईल. पण ही घाई माशाच्या जिवावर बेतते. पाच लिटरांच्या बरणीत १०० वॉटचा हीटर ठेवला आणि त्याचा नियामक अडकून बसला, तर ते पाणी तासाभरात पंधरा अंशांहून अधिक तापू शकते. शाळेतून परत येईपर्यंत सर्व आटोपलेले असते. वीस लिटरांत ५० वॉटचा हीटर असला, तर नियामक बिघडला तरी पाणी तासाला दोन अंशांहून अधिक वेगाने चढणार नाही, आणि तापमापकाकडे कोणाचे तरी लक्ष जाण्यास अवधी मिळेल. मोठ्या टाकीच्या बाजूने हे आणखी एक प्रमाण आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. स्नानाचे पाणी तापविण्याचा जो रॉड आपल्या घरी बादलीत सोडतात, तो माशाच्या टाकीत क्षणभरही सोडू नये. तो हजार-दीड हजार वॉटचा असतो आणि त्याला नियामक नसतो. शिवाय तो चालू असताना पाण्याला हात लागला, तर माणसाचाही प्राण जाऊ शकतो. टाकीचा हीटर लावणे व काढणे हे कामही घरातील मोठ्या माणसानेच करावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढलेली असावी. हीटरची तार बटणाकडे जाताना मध्ये खाली झोल राहील अशी सोडावी, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोलाशी गळून पडतो, बटणापर्यंत पोहोचत नाही. हीटर पाण्याबाहेर काढावयाचा असेल, तर तो बंद करून दहा-पंधरा मिनिटे पाण्यातच निवू द्यावा. तापलेली काच एकदम हवेत आली किंवा तिच्यावर गार पाणी पडले, तर ती तडकते.

टाकीच्या ज्या बाजूला हीटर असेल, तिच्या विरुद्ध बाजूला तापमापक लावावा. हीटरच्या शेजारचा तापमापक हीटरचीच बातमी देतो, टाकीची नव्हे. पहाटे उठल्याबरोबर आणि दुपारी असे दोन वेळा उष्णतामान पाहून वहीत टिपून ठेवले, तर आठ दिवसांत आपल्या घराची थंडी आपल्याला पाठ होते. पहाटेचा आणि दुपारचा आकडा यांत एक-दोन अंशांहून अधिक फरक नसला, म्हणजे व्यवस्था ठीक आहे असे समजावे. पाणी २५ वर स्थिर राहिले तर ते, रात्री २२ आणि दुपारी २८ होणाऱ्या पाण्यापेक्षा, माशाला कितीतरी सुखाचे असते. सरासरी काढली तर दोन्ही सारखीच! परंतु मासा सरासरीत राहत नाही, तो त्या त्या घटकेच्या पाण्यात राहतो.

तापमापकाला एवढे महत्त्व का, हे पटविण्यासाठी एक प्रयोग सांगतो. तीन वाडगे घ्या. एकात सोसेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात गार पाणी आणि मधल्यात कोमट पाणी भरा. उजवा हात ऊन पाण्यात व डावा गार पाण्यात मिनिटभर ठेवा. नंतर दोन्ही हात एकदम मधल्या वाडग्यात बुडवा. उजवा हात म्हणेल पाणी गार आहे, डावा म्हणेल ऊन आहे. वाडगा एक, पाणी एक, आणि साक्षी दोन! शिवाय आपल्या हाताची कातडी बहुधा तीस अंशांहून अधिक उष्ण असते. त्यामुळे २६ अंशांचे पाणी, म्हणजे माशाला अगदी योग्य असलेले पाणी, आपल्याला किंचित गारच लागते. हाताला छान कोमट लागेपर्यंत जर कोणी टाकीत ऊन पाणी ओतीत राहिला, तर तो माशाला तापवून मारील.

पाणी बदलताना ही चूक सर्वांत अधिक होते. आठवड्यातून एकदा टाकीतील पाव हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे लागते. बुलढाणा शहराला पैनगंगेवरील येळगावच्या धरणाचे पाणी मिळते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन मिसळलेले असते. ते माशाच्या कल्ल्यांना बाधते. म्हणून नवे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. पण उघडे ठेवलेले पाणी थंडीच्या रात्री टाकीपेक्षा दहा अंशांनी गार झालेले असते. तसेच ते ओतले, तर माशाच्या अंगावर अकस्मात थंडीची लाट येते. तेव्हा त्या बादलीत थोडे ऊन पाणी मिसळून, ढवळून, तापमापकाने टाकीइतके उष्णतामान साधावे आणि मगच ते हळूहळू घालावे. मिसळावयाचे ऊन पाणीही आधी उकळून, पुरते निवल्यावर पुन्हा तापविलेले असले तर उत्तम. बंबातील पाणी शक्यतो टाळावे. तांब्याचा अंश माशांना घातक असतो.

मासा प्रथम घरी आणतानाही असाच प्रसंग असतो. समजा, घाटाखालच्या एखाद्या बाजारातून मासा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने घाट चढून आणावयाचा आहे. पिशवीत पाणी असते अर्धा लिटर. ते किती लवकर निवेल, हे आपल्या गणितावरून ध्यानात येईलच. ती पिशवी लोकरीच्या कपड्यात गुंडाळून, शक्य तर थर्माकोलच्या डब्यात घालून, खिडकीपासून दूर धरावी. घरी पोहोचल्यावर मासा लगेच टाकीत सोडू नये. बंद पिशवी तशीच टाकीत अर्धा तास तरंगत ठेवावी. दोन्ही पाणी एकसारखे झाले, म्हणजे पिशवी उघडून टाकीतील थोडे थोडे पाणी तीत घालावे आणि मग माशाला जाळीने उचलून नव्या घरात न्यावे.

रात्री वीज गेली तर काय करावे? मागे घोंगडीचा उल्लेख आला. तिचा खरा उपयोग आता होतो. मासा स्वतः ऊब निर्माण करीत नसला, तरी टाकीतील वीस लिटर पाण्यात तोपर्यंत साठलेली ऊब असते. टाकीभोवती गोधडी लपेटावी, खाली थर्माकोल नसेल तर वर्तमानपत्रांची जाड घडी सारावी, आणि वरची हवेची फट मात्र मोकळी ठेवावी. अशी लपेटलेली टाकी तीन-चार तास फारशी उतरत नाही. वीज पहाटेपर्यंत आलीच नाही, तर घट्ट बुचाच्या बाटलीत ऊन पाणी भरून ती टाकीत तरंगत ठेवावी. निवली की बदलावी. टाकीत सरळ ऊन पाणी ओतणे केव्हाही वाईट.

एवढे करूनही एखाद्या सकाळी मासा तळाशी निपचित पडलेला आढळला, तर घाबरून जाऊ नये आणि घाईही करू नये. कल्ल्यांची उघडझाप होत असेल, तर तो जिवंत आहे. पाणी तासाला एखाद-दुसऱ्या अंशाने चढू द्यावे. खाणे मुळीच टाकू नये. तो आपण होऊन पृष्ठभागाशी येऊ लागला, पर उलगडू लागला, म्हणजे दुसऱ्या दिवशी दोन-चार दाणे द्यावेत. कडाक्याच्या थंडीतूनही हे मासे पुष्कळदा सावरतात. पुढे काही दिवसांनी पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचा फेस एका कोपऱ्यात जमलेला दिसला, तर तो पुसून काढू नये. ते नराने बांधलेले घरटे असते. मादीची अंडी तो अशाच फेसात ठेवतो व त्यांची राखण करतो. मादी नसतानाही तो घरटे बांधतो. पाणी त्याला मानवल्याची ती एक चांगली खूण आहे.

होळी झाली की चिंता उलट दिशेची सुरू होते. चैत्र-वैशाखात घाटाखाली दुपारचे उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जाते आणि बंद खोलीतील टाकीही तिशी ओलांडते. अति उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची धाप मात्र वाढलेली असते. अशा वेळी काचेचे झाकण काढून त्या जागी बारीक जाळी लावावी. जाळी अवश्य हवी, कारण हा मासा उडी मारण्यात तरबेज असतो. आता माठाचा जो गुण हिवाळ्यात आपला शत्रू होता, तोच मित्र होतो. पंख्याचा वारा पृष्ठभागावरून जाऊ दिला, तर पाणी उडून जाताना टाकी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. उडून गेलेल्या पाण्याची भर टाकीतील पाण्याच्याच उष्णतामानाचे शिळवलेले पाणी घालून रोज करावी. हीटर काढून, पुसून, कोरडा करून कापडात गुंडाळून ठेवावा. घाटावर तो पुन्हा दिवाळीच्या सुमारास काढावा लागतो.